तुझ्यापुढं उभा करीन

बयाबाईनं ताटावर हात आडवा धरला.

"भात नको गं."

चांगुणाच्या हातातला डाव तसाच थांबला. तांदूळ बयाबाईनंच आणला होता. सकाळी घोटीहून एसटीत बसून, पिशवी मांडीवर घेऊन, सातपूरच्या या दोन खोल्यांपर्यंत. नव्या भाताचा असा वास सुटला होता की शेजारणी दारात डोकावून गेल्या होत्या. आणि आणणारी बाईच नको म्हणत होती.

"पोट बिघडलंय का, काकू?"

"नाय. भाकर दे अजून चतकोर."

समोर सावळीराम जेवत होता. आजारातून उठल्यापासून तो सावकाश जेवायचा. जबडा पुरता उघडतो का, पुरता मिटतो का, हे आधी बघायचा आणि मग घास चावायचा. त्यानं मान वर केली.

"घोटीकडचं माणूस भाताला नको म्हणतंय. चांगुणा, यांची नाडी बघ."

चांगुणा हसली. बयाबाई हसली नाही. तिनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि तो हातातच धरून ठेवला.

"तुझ्यापायीच सोडलाय," ती म्हणाली. "जेठापासून. सांगीन सांगीन म्हणत व्हते, पर तू पुरता उभा राह्यला नव्हतास."

जेठात सावळीराम गावी, जांभूळटेकला गेला होता. बाप सहादू आदल्या वर्षी वारला होता आणि बंद घराची कौलं पावसाआधी नीट करायची होती. जुन्या वाशातला गंजका खिळा टाचेत घुसला. त्यानं फडकं बांधलं आणि काम पुरं केलं. आठवड्यानं दातखीळ बसली. बौद्धवाड्यातली माणसं मजुरीला गेलेली. बयाबाई कुणब्याची, वरच्या आळीतली. बांधावरून जाताना तिला कण्हणं ऐकू आलं. धनुर्वातानं सावळीरामची पाठ कमानीसारखी वाकली होती. तिनं पोराला गाडी जुंपायला लावली आणि घोटीपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसली.

"त्या गाडीत बोलून गेले," बयाबाई म्हणाली. "टेकाई, ह्याला जगव. ह्याला तुझ्यापुढं आणून उभा करीन. तवर भाताचं शीत तोंडात घालनार नाय."

सावळीरामनं ताट पुढं सारलं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुनी नाय. तोंडातून गेलं."

"मला देवळात पाऊल टाकू देतात का तुमचे लोक?"

"नाय."

"मी देव मानतो का?"

"नाय."

"मग?"

"मंग काय? तू असा वाकडा झाल्याला. त्या वक्ताला तुझी जात ध्यानात आली नाय न् तुझा धरमबी आला नाय. आता गेलं ते गेलं. बोलल्यालं माघारी घ्यायला ते काय बाजारातलं वांगं हाय?"

सावळीराम उठला, हात धुऊन परत आला आणि भिंतीला टेकून बसला. कारखान्यात त्याला सगळे 'पुरावा' म्हणूनच हाक मारायचे. चौथीत शाळा सुटली, पण मिळेल ते वाचून त्यानं डोकं घासून लखलखीत केलं होतं. साहेब असो की युनियनचा पुढारी, बोलणं संपलं की हा फिटर उभा राहून विचारायचा, पुरावा काय?

"काकू, मला सीरमच्या इंजेक्शनांनी वाचवलं. अंधाऱ्या खोलीत ठेवलं, नाकात नळी घातली, चांगुणानं पंधरवडाभर पाठ टेकली नाही. हे सगळं डोळ्यांनी दिसलेलं आहे. तुमच्या टेकाईनं काय केलं, त्याचा पुरावा द्या."

"मला काय ठावं? मी तिला बघायला गेले व्हते का ती काय करती ते?"

"माझ्या शेजारच्या खाटेवर पेठकडचा एक जण होता. त्यालाही धनुर्वातच. त्याच्या बायकोनंही नवस केला होता. रोज खाटेच्या पायाला दोरा बांधायची. तो गेला. तुमची देवी त्या दिवशी कुठं गेली होती?"

बयाबाईनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"त्याला काय सुया टोचल्या नव्हत्या?" तिनं विचारलं.

सावळीरामला ते आठवत होतं. टोचल्या होत्या. त्याच सुया, त्याच बाटल्या. घरी सोडायच्या दिवशी त्यानं डॉक्टरला हेच विचारलं होतं, तो गेला आणि मी कसा राहिलो? डॉक्टर तरुण होता, थकलेला होता. म्हणाला, "खरं सांगू? माहीत नाही. तुम्ही वाचलात एवढं खरं. आता घरी जा."

तेव्हापासून सावळीरामच्या मनात एक गोष्ट घोळत होती आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. सकाळी उठून मोठ्ठी जांभई दिली की त्याला भरून यायचं. चहाचा घोट गिळला गेला की भरून यायचं. पान्यावर जोर लावताना दंडातली शीर तट्ट फुगायची, तिच्याकडे तो बघत राहायचा. कुणाचे तरी आभार मानावेत असं त्याला आतून वाटायचं. नर्सबाईंचे मानून झाले. झाडूवाल्याचे मानले. चांगुणाचे मानायला गेला तर ती म्हणाली, "वेडे झालात का?" तरी ते संपेना. पेढे घेऊन डॉक्टरकडे गेला, तर तो बदलून गेलेला. पेढे परत आणून गल्लीतल्या पोरांना वाटले.

"ते जाऊ द्या," तो शेवटी म्हणाला. "माझ्या बापाचं बोला. जत्रेला सहादूनं लाकडं फोडायची, अंगण झाडायचं, हलगी वाजवायची आणि चिंचेखाली बसायचं. त्याचा नारळ दुसऱ्याच्या हातून आत जायचा. प्रसाद वरून टाकायचे. तुम्हीही टाकलाय, काकू."

"टाकला," बयाबाई म्हणाली. "पानीबी वरूनच वतलं. खोटं कशाला बोलू?"

"छप्पन साली त्यानं दीक्षा घेतली, हलगी खुंटीला टांगली. गावानं वर्षभर कामाला बोलावलं नाही. आम्ही कुरडूची रानभाजी खाऊन दिवस काढले, पण तो त्या पायरीकडे फिरकला नाही. आधी येऊ देत नव्हते म्हणून आत गेला नाही आणि नंतर त्यालाच जायचं नव्हतं म्हणून गेला नाही. आता मी जाऊन हात जोडू?"

चांगुणानं भाताचं पातेलं झाकलं. ते तिनं जरा आपटूनच झाकलं.

"बावीस प्रतिज्ञा मलाबी पाठ हायेत," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हातारीला उपाशी ठेवा अशी त्यात कुठली हाय, ती तेवढी दाखवा. ह्या बाईनं गाडीत तुमचं डोकं धरलं नसतं, तर आज पुरावा मागायला तोंड उघडलं असतं का तुमचं?"

"उपाशी कुठं, नागलीची भाकर खाते की मी," बयाबाई पुटपुटली.

"तुम्ही गप बसा काकू."

बयाबाई पदरानं तोंड पुसून म्हणाली, "पर सावळीराम, हात जोडील असं मी बोललेच नाय."

"म्हणजे?"

"उभा करीन म्हनले. जोडील, वाकील, नारळ फोडील, यातलं काय बी नाय. उभा करीन. तेवढंच हाय."

सावळीराम तिच्याकडे बघत राहिला. चांगुणानं पदर तोंडावर धरला. मग तो हसायला लागला. आजारानंतर इतका जबडा उघडून तो पहिल्यांदाच हसला, कानशिलं दुखेपर्यंत.

"वकिलीण झाला असतात, काकू."

रविवारी तो जांभूळटेकला गेला. वाटेवर त्यानं स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं की आपण म्हातारीच्या भातासाठी चाललोय, दगडासाठी नाही. भांडणाची तयारी पुरती केली होती. अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्याची कलमं त्याला तोंडपाठ होती आणि नव्या सदऱ्याच्या बाह्या त्यानं आधीच दुमडून ठेवल्या होत्या.

देवळाच्या पारावर बयाबाईचा दीर पुंजा बसला होता, सोबत आणखी दोघं-तिघं. बयाबाई पुढं, सावळीराम मागं, हे बघून पुंजा उठला आणि पायरीच्या मधोमध उभा राहिला.

"वैनी, कुठं?"

"नवस फेडायला."

"तू जा की. त्याचं काय काम?"

"नवस त्याचाच हाय."

"आपल्या देवीला त्याचा नवस कशाला लागतोय? मानत नायत ना हे लोक? मंग?"

सावळीराम पुढं झाला. "पुंजाभाऊ, कायद्यानं..."

"तू थांब रं!" बयाबाई त्याच्यावरच खेकसली. मग दिराकडे वळली. "मी टेकाईला शबुद दिलाय. याला पुढ्यात उभा करीन म्हनून. तिनं तिचं केलं. आता तुला अडवायचं तर अडव. मी हितनंच माघारी फिरते. पर मंग शबुद मी नाय मोडला, तू मोडलास. तिचं काय देनं लागतं ते तू बघ न् तुझी पोरंबाळं बघतील."

पुंजाचा चेहरा उतरला. त्यानं सोबतच्यांकडे पाहिलं. ते चिंचेकडे बघत होते. चिंचेवर बघण्यासारखं काही नव्हतं.

मग पुंजा पायरीवरून बाजूला झाला.

सावळीरामच्या अंगाची संतापानं लाही झाली. कायदा होऊन एक पिढी वाढली, पोरांना पोरं झाली. संसदेनं सांगितलं ते या पायरीवर कुणी ऐकलं नव्हतं. माणूस म्हणून आत घे, याला या लोकांच्या लेखी काही किंमत नव्हती. आणि एका दगडाच्या भीतीनं वाट मोकळी झाली. असलं दार आपल्याला नको, असं म्हणून माघारी फिरावं, हे त्याच्या अगदी ओठावर आलं होतं.

बयाबाई पायरीला हात टेकून चढत होती. तिचा गुडघा धरला होता. तिनं मागं न बघता हात मागं केला. सावळीरामनं तो धरला. दोघं आत गेले.

आत काही नव्हतं. म्हणजे त्याला वाटलं होतं तसं काही नव्हतं. हात वर केला तर छताला लागेल एवढा गाभारा, तेलाचा वास, काजळी. शेंदूर थापलेला गुडघ्याएवढा दगड आणि त्याला मेणानं चिकटवलेले चांदीचे डोळे. एक डोळा घसरून जरा खाली आला होता. एवढ्यासाठी? सावळीरामला वाटलं. एवढ्याशा खोलीसाठी बापानं जन्म बाहेर काढला? त्यानं पुरावा शोधावा तसं नीट, सगळीकडे पाहिलं. काहीच सापडलं नाही, ना असल्याचा, ना नसल्याचा. हातांचं काय करावं हे त्याला कळेना. त्यानं ते पाठीमागं बांधले.

"फुडं हो," बयाबाईनं त्याला कोपरानं ढकललं. "तिला दिसू दे."

तो एक पाऊल पुढं झाला.

बयाबाई खाली बसली आणि बहिऱ्या म्हातारीशी बोलावं तशी बोलायला लागली. "हा बघ. आनला. बोलले व्हते तसा आनला. चांगला झालाय, जेवतोय, कामाला जातोय. लय केलंस बाई. त्याची बायको बी गुनाची हाय, लय केलं तिनं. सुया टोचनारे व्हते, त्यांनी बी केलं. समद्यांचं भलं कर." ती थांबली, श्वास घेतला. "तो पेठकडचा गेला गं. त्याच्या बायकोकडं बघ जरा."

सावळीराम तिच्या पाठीकडे बघत होता. पाठ लहानशी होती, लुगडं खांद्यावर विटलेलं. एवढे महिने कुणाला सांगावं ते त्याला उमगलं नव्हतं. बाई खाली बसून सगळं सांगून मोकळी होत होती.

"वळाखलं का?" बयाबाई दगडाला विचारत होती. "आपल्या गावचाच हाय. सावळीराम. सहादूचा. तो सहादू नाय का, भायेर बसायचा चिंचेखाली, हलगीवाला. त्याचा पोरगा."

सावळीरामचे पाठीमागचे हात सुटले.

"काकू," तो म्हणाला.

"आं?"

"पुरं नाव सांगा त्याचं."

बयाबाईनं मान वळवून वर पाहिलं.

"सहादू भिकाजी गांगुर्डे," सावळीराम म्हणाला.

बयाबाई पुन्हा देवीकडे वळली. "सहादू भिकाजी गांगुर्डे," ती हळूच म्हणाली.

बाहेर पारावर सगळं चिडीचूप होतं.

"जरा मोठ्यानं," सावळीराम म्हणाला.