बलभीम कॅशियरच्या खोट्या नोटा

बलभीम कॅशियर नोट पारखायची झाली की आधी डोळे मिटायचे. नुसता अंगठा फिरवायचे, मग उजेडात धरायचे, आणि खोटी निघाली की समोर कोण उभा आहे हे बघायचेसुद्धा नाहीत. कळंबच्या बँकेत उभी हयात गेली. बाजारातले भलेभले अडते त्यांच्या खिडकीपुढं आले की मनातून टरकायचे.

तेच बलभीम आता पंच्याहत्तरीला आलेत आणि डोक्याचं पार खोबरं झालंय. सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही. माय कुठं गेली म्हणून रोज विचारतात. तिला जाऊन जमाना झाला. पोटचा पोरगा कृष्णराज समोर आला तर "या, बसा, काय काम काढलं?" म्हणतात. एकटी बायको तेवढी ओळखू येते, शिवकांताबाई. खातात ते तिच्याच हातचं. दुसऱ्या कुणी ताट आणलं की तोंड फिरवून बसतात, मग उपाशी राहिले तरी चालेल. आणि खोटं कशाला बोला, शिवकांताबाईला त्याचा जरा तोराच होता. सगळं जग विसरला माणूस, पण मला नाही विसरला! ह्या एवढ्या आधारावर ती बाई एकेक दिवस ढकलत होती.

त्या दुपारी ती गच्चीवर सांडगे उलटवत होती. खाली येऊन बघते तर काय! पोरीच्या, हर्षालीच्या, कॉलेजच्या फीसाठी कृष्णराजनं कपाटात ठेवलेलं पाकीट बलभीमनी फोडलेलं, पाचशेच्या नोटा टेबलावर ओळीनं मांडलेल्या, आणि एकेका नोटेवर लाल पेनानं, त्या त्यांच्या सुरेख तिरप्या अक्षरात, लिहिलेलं: बनावट.

"अहो, काय केलंत हे!"

"हळू बोल," बलभीम म्हणाले. "घरात खोट्या नोटा निघाल्यात. पाचशेची नोट म्हणं ही! एवढीशी? आन रंग तरी बघ, चुलीतल्या राखेचा. पाठीमागं दांडीयात्रेची माणसं असत्यात, ती कुठं गेली? ती काढून किल्ला छापलाय लबाडांनी."

हा माणूस नोकरीला लागला तेव्हा नोटेवर गांधीजी नव्हतेच, अशोकस्तंभ होता. तेव्हापासून नोटेनं किती अंगरखे बदलले, आणि प्रत्येक वेळी नव्या नोटेची ओळख कळंबला करून दिली ती ह्यांनीच. नोटबंदीत तर रिटायर असूनही बँकेच्या पायरीवर बसून राहायचे. "भिऊ नका, हीच खरी आहे, लाल किल्ला बघून घ्या," असं म्हाताऱ्याकोताऱ्यांना समजावून घसा बसवून घेतलेला. शिवकांताबाईलाही त्यांनीच शिकवलं. आणि नेमकी तीच नोट त्यांच्या डोक्यातून पुसली गेली. नशिबाची चेष्टा म्हणायची, दुसरं काय!

बरं, समजूत घालावी तर हा गडी समजुतीनं ऐकणारा नव्हता, शहाणा होता तेव्हासुद्धा. एकदा तिचा सख्खा भाऊ श्रीमंत बेंबळीहून पैसे भरायला आला आणि त्यात शंभराची एक खोटी निघाली. बिचाऱ्याला कुणीतरी टोपी घातलेली. बलभीमनं नोट जप्त केली, शिक्का मारला, चारचौघांत पावती हातात दिली. "मेहुणा आला म्हणून नोट खरी होत न्हाय." भाऊ रुसला तो कैक दिवाळ्या दारात आला नाही. शिवकांताबाई तेव्हा रडली खरी, पण पाणवठ्यावरच्या बायकांना हेच मान ताठ करून सांगायची.

तेवढ्यात कृष्णराज दुकानातून जेवायला आला. नोटा बघितल्या आणि त्याचं टाळकंच सटकलं.

"अण्णा! उद्या फी भरायचीय पोरीची! कुठं चालवू आता ह्या?"

बलभीम ताडकन उठले. कधीपासून वाकलेली पाठ सरळ झाली. "तुमच्या हायेत व्हय ह्या? नाव काय तुमचं? गठ्ठाच्या गठ्ठा खोटा, म्हंजे पोलीस केस होणार." आणि पायात चपला सरकवून निघालेच.

कृष्णराजनं दंड धरला. ते हिसडा देऊन ओरडायला लागले, "धरा ह्याला, पळून जाईल!" गल्लीतली माणसं दाराशी जमली. पोराचा हात वर गेला. मारला नाही त्यानं, पण वर गेला, आणि तो शिवकांताबाईनं बघितला. आपलेच दात, आपलेच ओठ.

"बास झालं आई," कृष्णराज रडवेला होऊन म्हणाला, "उद्याच लातूरच्या आश्रमात नेऊन सोडतो ह्यांना. मला आता सोसवत न्हाय."

हे तिकडं कुणाच्या हातचं खातील? चार दिवसांत मरतील! काहीतरी करून हे आत्ता, इथंच मिटवायला हवं होतं. आणि मिटवायचा एकच रस्ता तिला दिसला. संध्याकाळी दिवा लागेपर्यंत ह्यांच्या डोक्यात काही उरत नाही, मग बोलायला काय जातंय?

"त्या पोराला सोडा," ती पुढं होऊन म्हणाली. "त्या नोटा म्या आणल्यात."

बलभीम थांबले.

"शिवकांता, तू?"

"व्हय. चूक झाली."

बलभीमनी चपला काढल्या आणि ते खुर्चीत जाऊन बसले. गल्ली पांगली. कृष्णराजनं नोटा गोळा केल्या, बँकेत जाऊन काही होतंय का बघतो म्हणाला, आश्रमाचं नाव पुन्हा काढलं नाही. निभावलं एकदाचं, असं वाटून शिवकांताबाईनं देवापुढं साखर ठेवली.

रात्री ताट नेलं तर त्यांनी हातानं बाजूला सारलं. भूक नसेल. सकाळी दूध-भाकरी नेली, तीही सारली. पोरगं, भांडण, पोलीस, सगळं विसरले होते. कृष्णराजला "या, बसा" म्हणत होते. माय कुठंय म्हणूनही विचारलं. पण बायको ताट घेऊन आली की मान खाली. तिनं विनवलं, रागावली, पाया पडली. शेवटी दुपारी कृष्णराजच घास घेऊन बसला, आणि नवल म्हणजे त्याच्या हातचं ते गपगप खायला लागले.

"अण्णा, आईनं दिलेलं का न्हाय खाल्लं?"

बलभीमनी स्वैपाकघराकडं बघून आवाज बारीक केला. "तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगतो. तिच्याकडं खोट्या नोटा निघाल्या हो. लई होत्या. म्या बँकेच्या साहेबाला चारच सांगितल्या. चारपर्यंत पोलीस येत न्हाईत, पाच झाल्या की येत्यात. उभ्या नोकरीत कधी खोटं बोललो न्हवतो. तिच्यापायी बोललो."

"मग झालं की. माफ करा आता तिला."

"तिला कवाच केलं. पण ती ताट घेऊन आली की म्या काय केलं ते आठवतंय. घास खाली उतरत न्हाय."

दाराआड शिवकांताबाईनं तोंडात पदर कोंबला. ह्यांनी तिच्या हातचं खायचं, तर आता ती कोण हेच ह्यांना आठवायला नको. तिनं देवाकडं हात जोडले आणि तेच मागितलं.