शनिवारचा टब

मानाजी तीन शनिवार टब शोधत हिंडला आणि तिन्ही शनिवारी रिकाम्या हातानं आवडीला, मद्रासबाहेरच्या आपल्या क्वार्टरवर, परतला. घरात माणसांना न्हायला टब नाही, आणि हा गडी कुत्र्यासाठी मद्रासभर वणवण करतोय म्हणून कचेरीतले कारकून दात काढत. काढोत बापडे! कर्नलची दशा त्यांनी कुठं पाहिली होती?

कर्नल म्हणजे बदली होऊन गेलेल्या साहेबानं मागं टाकलेला, सिमल्याकडचा झुबकेदार कुत्रा. त्या केसांनिशी मद्रासची कत्तिरी, मे महिन्यातलं ते भाजून काढणारं ऊन, सोसायचं म्हणजे काय खायचं काम आहे? आताशा तो भातालाही तोंड लावेना. गुरांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "दुपारभर पाण्यात बसवा. नाहीतर हा जगायचा नाही."

परसात नळ होता. नव्हतं ते भांडं. सिमेंटचा हौद बांधावा, तर क्वार्टर सरकारी. गिंडीजवळ दगडी डोणी पाहिली, ती हलवायलाच चार माणसं. बंदराकडचं अर्धं लाकडी पिंप झकास होतं, पण त्यात दारू भरलेली असायची म्हणून अप्पांनी नाक मुरडलं. अप्पा म्हणजे मानाजीचे वडील, राणोजी. उरला जॉर्ज टाउनमधला जस्ती पत्र्याचा टब, अगदी कर्नलच्या मापाचा. पण पत्रा म्हणजे लोखंड, आणि मानाजीला बाजार गाठायला सापडे तो शनिवारच. रविवारी दुकानं बंद, आणि इतर दिवशी काम सुटून तो पोचेपर्यंत फळ्या लागलेल्या.

"शनिवारी लोखंड घरात यायचं नाही," अप्पा पंचांग मिटत सांगत. पुढं बोलायची सोयच नाही!

चौथ्या शनिवारी मानाजीचं डोकंच फिरलं. त्यानं टब घेतला, आगगाडीत लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि स्टेशनापासून तो डोक्यावर घेऊन भर तीनच्या उन्हात फाटकाशी आला. आत कर्नल भिंतीच्या कडेला आडवा पडला होता, जीभ मातीला लागलेली. राणोजी फाटक अडवून उभे राहिले.

"आज नको. उद्या सकाळी आण आत."

"उद्यापर्यंत तो राहील का, अप्पा? वैताग आणलात नुसता! मुकं जनावर मरतंय, आणि तुम्हाला वाराची पडलीय!"

म्हाताऱ्यानं फाटक सोडलं नाही. "तू पाळण्यात होतास. तंजावरात मी शनिवारी लोखंडी पेटी आणली, मोठ्या हौसेनं. आठवडा भरायच्या आत तुझी आई गेली." त्यांनी कर्नलकडं बोट केलं. "आता ह्यालाही घालवू?"

मानाजीला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. राग तर होताच, पण तो आता कुणावर काढावा ते कळेना. त्यानं टब फाटकाबाहेर, रस्त्यातच आदळला. घरात नको ना? नाही आणत जा! नळावरून बादल्यांवर बादल्या आणून त्यानं तो भरला आणि कर्नलचं ते जड धूड कवेत उचलून पाण्यात सोडलं. कर्नल बराच वेळ तसाच पडून राहिला. मग त्यानं मान उचलली आणि तो लपलप पाणी पिऊ लागला.

शेजारीपाजारी दारांत येऊन हसत होते. राणोजी आत निघून गेले. बसले रुसून, मानाजीला वाटलं. पण ते छत्री घेऊन बाहेर आले, अनवाणीच, आणि तापल्या रस्त्यावर कर्नलच्या डोक्यावर ती धरून उभे राहिले.

"किती वेळ उभे राहणार, अप्पा?"

"ऊन उतरेपर्यंत. तू बघत काय बसलास? हे पाणी तापलं, दुसरं आण."