सात काळे रुपये

मृणालिनीबाईंनी काळा पडलेला रुपया चिमट्याने उचलला, छोट्या तराजूत ठेवला आणि वजनं बदलत राहिल्या. समोर स्टुलाच्या कडेवर बसलेल्या रत्नप्रभेने पदराचा बोळा मुठीत घट्ट धरला होता.

"सहा ग्रॅम. बरोबर आहे. खोटा नाही हा," बाई म्हणाल्या.

रत्नप्रभेने तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. नवऱ्याच्या, दशरथच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी, रुमालात बांधलेले असे सात रुपये तिला सापडले होते. खोटी नाणी पाडणाऱ्यांना वर्षानुवर्षं आत टाकतात, असं शेजारीण म्हणाली होती. तेव्हापासून चाळीच्या जिन्यावर बूट वाजले तरी तिचा जीव खालीवर व्हायचा. नवऱ्याला विचारायचा धीर झाला नाही. बहीण प्रेमा पार्ल्याला या घरी पोळ्या करायची. बाई कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या, आता नाणी जमवतात, कुणाकडे बोलायच्या नाहीत, असं तिनेच सांगून रत्नप्रभेला इथे पाठवलं होतं.

"मग टांकसाळीतच चुकलाय का? प्रेमा म्हणते, चुकलेल्या नाण्याला मोल असतं."

बाईंनी खणातून दुसरा रुपया काढून तिच्या तळहातावर ठेवला. त्यावरचे सिंह एका बाजूला घसरून कडेपाशी अर्धे कापले गेले होते. दुसऱ्या बाजूला कोऱ्या धातूची चंद्रकोर उरली होती.

"ही चूक. शिक्का मारतानाच झालेली. कितीही घासलंस तरी जायची नाही. आता तुझा बघ." त्यांनी काळ्या रुपयाची कड खोडरबराने घासली. रबर काळं झालं आणि खालून पांढरा धातू चमकला. "शिक्का जागच्या जागी आहे. काळं वरून चढलंय. टांकसाळीतून चांगला निघाला, नंतर बिघडला."

रत्नप्रभा हसली. मोल नसेना का! पोलीस येणार नव्हते. ती रुमाल गोळा करू लागली, पण बाईंचा हात रुमालावर तसाच राहिला.

"नवऱ्याच्या पेटीतले ना हे? काय काम करतात?"

"कांजूरला केमिकल कंपनीत आहेत. सांडपाण्याच्या टाकीवर. खाली उतरून गाळ काढायचा."

"सडक्या अंड्यांसारखा वास येतो तिथे?"

"यायचा. कपड्यांनासुद्धा यायचा. आता येत नाही म्हणतात. सवय झाली."

बाई उठल्या. त्यांचा धक्का लागून तराजू कलंडला.

"ती सवय नव्हे गं. आमच्या प्रयोगशाळेत तो गॅस सुटला की माझ्या पर्समधली नाणी अशीच काळी व्हायची. वास येतो तोवर माणूस पळतो तरी. गॅस वाढला की आधी नाक मरतं. वास गेला म्हणून माणूस निवांत उभा राहतो आणि..."

वर्षापूर्वी पेपरात आलेले भोपाळचे फोटो रत्नप्रभेच्या डोळ्यांपुढे आले. चादरींखाली ओळीने झोपवलेली माणसं.

"आत्ता जा," बाई म्हणाल्या. "त्यांना तिथून बाहेर काढ."

बसमध्ये शेजारच्या बाईच्या पिशवीत सुके बोंबील होते. रत्नप्रभा पुन्हा पुन्हा श्वास ओढून बघत होती. येतोय ना वास? येतोय. साकीनाक्याला बस अडली तेव्हा तिला उतरून पळत सुटावंसं वाटलं.

ती पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. वॉचमनने निरोप धाडल्यावर दशरथ डबा हातात घेऊनच फाटकाबाहेर आला.

"तू इकडे कशाला गो? पोरं बरी आहेत ना?"

तिने धापा टाकत सगळं सांगितलं. त्याने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पेटी कशाला उघडलीस? साहेबांनी सांगितलंय आम्हाला, खिशातली नाणी काढून ठेवा आणि मग उतरा म्हणून. मी विसरायचो. तू बघितलंस तर घाबरशील म्हणून लपवून ठेवले."

"म्हणजे साहेबांना माहीत आहे?"

दशरथ डब्याच्या कडीशी चाळा करत राहिला. "आता वास नाही. आज तर अजिबात नाही."

"नाक मरतं हो!" तिचा आवाज फाटला. "वास गेला म्हणजे जास्त झालाय, असं म्हणाल्या बाई."

त्याचा हात कडीवरच थांबला.

"आमचा राजाराम टाकीत खाली आहे," तो म्हणाला. "वास नाही तोवर उरकून घेतो म्हणाला."

डबा तिच्या हातात कोंबून तो आत पळाला. ती मागोमाग धावली, तर वॉचमनने काठी आडवी घातली. आतून हाका ऐकू आल्या, मग लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज, मग काहीच नाही. रत्नप्रभा फाटकाचे गज धरून दशरथचं नाव पुटपुटत राहिली.

कमरेला दोर होता म्हणून राजाराम वर आला. चौघांनी त्याला उचलून फाटकाजवळच्या झाडाखाली आणून टाकलं. ओठ निळे पडले होते. कुणीतरी त्याची छाती दाबत होतं. बऱ्याच वेळाने तो ओकला आणि त्याने डोळे उघडले. रत्नप्रभेला मात्र दशरथ दिसेना. तो सगळ्यांत शेवटी आला, भिंतीला धरून, दोराचं टोक अजून मुठीतच.

सुपरवायझर आला. त्याने राजारामकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"दवाखान्यात न्या ह्याला. उपाशीपोटी उतरतात, मग चक्कर येणारच. दशरथ, जेवून घे आणि उरलेला गाळ तू काढ. तीनला पंप सुरू झाला पाहिजे."

दशरथ फाटकाबाहेर आला आणि रत्नप्रभेजवळ कट्ट्यावर बसला. तिने डबा उघडून त्याच्यापुढे धरला. एकेक घास तो फार वेळ चावत होता.

दोनचा भोंगा झाला. बाकीचे उठून आत गेले.

"चल रे दशरथ," वॉचमन फाटक ओढत म्हणाला. "साहेब बघतायत."

"जेवतोय अजून," दशरथ म्हणाला.

डबा केव्हाच रिकामा झाला होता.