आईकडून आलेला पाहुणा

मित्रांनो, मी रेशीमकिड्यांच्या खोलीतली एक म्हातारी आई आहे. म्हातारी म्हणजे पंख फुटून चारच दिवस झालेत. हसू नका, आमच्यात एवढ्यातच वय होतं.

मी जन्मले तीच एका पाहुण्याला घेऊन. डोळ्यांना न दिसणारा हा जंतू आईच्या पोटातून माझ्या अंड्यात आला. आईला तो आजीकडून मिळाला होता. पूर्वी तो फार उग्र होता म्हणे. पण ज्या आईत तो राही, तीच अंडी घालण्याआधी मेली तर त्यालाही पुढची वाट बंद. म्हणून उग्र होते ते संपले, सौम्य तेवढे उरले. आम्हीही त्याला सोसायला शिकलो. खोली गार होती तोवर आमचं बरं चाललं होतं.

यंदा छपराचा पत्रा तापला आणि पाहुणा खवळला. माझ्या बहिणींनी तुतीच्या ताज्या पाल्याकडे पाठ फिरवली. अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके आले आणि त्या माझ्या शेजारीच सुकून गेल्या. माझी पाळी कधी येते, या धास्तीनं मी पाला कुरतडत राहिले. कशीबशी वाचले, कोष विणला, पंख फुटले, अंडी घातली.

इथली रीत अशी की अंडी झाली की आईला खलात कुटायचं आणि त्या रसाचा थेंब भिंगाखाली बघायचा. जंतू दिसला तर अंडी जाळायची. आज सकाळी घरातल्या दोघी जावा खल घेऊन आल्या.

"ताई, हिला बघून घेऊ या," धाकटी म्हणाली.

"काय बघायचंय? सगळ्या गेल्या, ही टिकली. रोग असता तर राहिली असती का? ठेव हिचीच अंडी. पुढची सगळी अशीच चिवट निघतील."

"पण बघायला काय जातंय?"

"तुझं आपलं नेहमीचं! शंकेखोर कुठली."

खल फडताळात परत गेला. मी सुटले, पण मला आनंद झाला नाही. मी निरोगी म्हणून टिकले नव्हते. त्या उन्हात माझ्याबरोबर तोही टिकला, आता त्यालाही ऊन मानवतं. आणि तो माझ्या अंड्यांत जाऊन बसला आहे.

माझी लेकरं जाळा, असं मला म्हणवत नाही. मित्रांनो, एवढंच मागते, त्यांची खोली गार ठेवा. खिडकीवरचं ओलं पोतं वाळू देऊ नका.

आता दुपार झाली आहे. धाकटीनं भिजवलेलं पोतं वाळलं. पत्र्याची धग अंड्यांवर उतरते आहे, आणि दाराशी अजून कुणाचीच चाहूल नाही.