भेसळीचा हात

“भाविका, बियान्याचं सूप तू घे गं. तुझ्या सासूच्या हातात नको देऊ, तिचा हात भेसळीचा हाय.”

अंबूबाईंनी हे ओटीवरून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. भाविका लग्न होऊन या घरात आली त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. तिने एकदा आजेसासूकडे, एकदा सासूकडे पाहिलं आणि मुकाट्याने सूप उचललं. सुगंधाच्या अंगाचा तिळपापड झाला. आजवर काय बोलायचं ते म्हातारीने बोलून घेतलं, आता या पोरीलाही तेच शिकवणार होती. पदर खोचून तिने शाळेची वाट धरली. पळसदरीच्या त्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची.

सुगंधाच्या लग्नाच्या वर्षीच तिचा नवरा, पदू, नव्या भाताची महागडी पिशवी घेऊन आला होता. पीक असं आलं की बघणाऱ्याची नजर ठरेना. त्यातलंच बी सुगंधाने हौसेने पाखडून, वाळवून कणगीत भरलं. पुढच्या पावसाळ्यात त्याच शेतात एक रोप कमरेला, तर शेजारचं गुडघ्याला. निम्म्या लोंब्या पिकून झडल्या, निम्म्या हिरव्याच राहिल्या. सुनेने बियाण्यात भेसळ केली, असा निकाल अंबूबाईंनी देऊन टाकला. त्यानंतरची पंचवीसेक वर्षं सुगंधाने लावणी केली, कापणी केली, झोडणी केली, फक्त बियाण्याला तिला कुणी हात लावू दिला नाही. वाईट म्हणजे, आपलंच काहीतरी चुकलं असेल असं तिलाही वाटायला लागलं होतं.

त्या दिवशी ती नववीच्या खिडकीखाली तांदूळ निवडत बसली होती. आत समीक्षा मॅडम वाटाण्याचं शिकवत होत्या. उंच झाडाचा आणि बुटक्या झाडाचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळी झाडं उंच. त्यांचं बी पुन्हा पेरलं, तर बुटकी परत दिसली. बुटकेपणा कुठे गेलाच नव्हता, आत दडून होता. सुगंधाचा हात ताटातच थांबला.

तास संपल्यावर तिने मॅडमना गाठलं. “मॅडम, भाताचं पन असंच व्हतं का?”

“संकरित असेल तर होतं ना, मावशी. म्हणून तर ते बी राखत नाहीत, दरवर्षी नवं आणतात. विकताना दुकानदार सांगतोच.”

“दुकानदार सांगतो?”

“हो. का हो, काय झालं?”

त्या दिवशी पोरांनी अळणी खिचडी खाल्ली.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा भाविका अंगणात पाखडत होती. पदू ओटीवर आईशेजारी बसला होता. सुगंधा त्याच्यासमोर उभी राहिली.

“आपल्या लग्नाच्या साली ती भाताची पिशवी आणलीत, तवा दुकानदार काय बोल्ला व्हता? बी राखू नका, असंच ना?”

पदूने मान खाली घातली. “बोल्ला व्हता. पन मी आयेला सांगितलेलं, एकदा घेतलं का कायमचं झालं. नायतर तिनं घेऊच दिलं नसतं. मंग कसा सांगणार?”

“आन मी बोलणी खात व्हते, ते बघत बसलात?”

“तुला काय मारलं का कुनी? नुसतं बोलत व्हती ती.”

“मारलं असतं तर बरं झालं असतं. चार दिवसांत वळ गेले असते.”

अंबूबाईंनी पानाची चंची सोडली. “जाऊ दे गं. जुनं उकरून काय मिळतंय? उद्यापासून तू घे सूप.”

“मला नको तुमचं सूप.” सुगंधाने ते भाविकाच्या हातातून काढून घेतलं आणि पदूच्या पुढ्यात आपटलं. “यंदाचं बी तुमी पाखडा.”

तिचा चेहरा बघून पदू निमूट उठला. अंगणात उकिडवा बसला. त्याने जन्मात कधी सूप धरलं नव्हतं. पहिल्याच झटक्याला फोलपटांबरोबर मूठभर टपोरं भात मातीत उडालं, दुसऱ्याला त्याहून जास्त. कोंबड्या धावत आल्या.

अंबूबाई सगळं बघत होत्या.

“वारा लय हाय आज,” त्या म्हणाल्या.

अंगणातल्या शेवग्याचं पानसुद्धा हलत नव्हतं.