गलबतरावांचा तोल

"अहो गलबतराव, धक्का तिकडे राहिला!"

मुख्याध्यापिकाबाईंनी छत्रीचं टोक पैलतीरावरच्या धक्क्याकडे केलं. लाँच मात्र भर नदीत मान उजवीकडे वळवून लाकडाच्या वखारीकडे निघाली होती. जणू तिथून कुणी तिला जेवायचं बोलावणं धाडलं होतं.

"मी डावीकडेच वळवतोय, बाई." गलबतराव चाक दोन्ही हातांनी ओढत म्हणाले. "तीच ऐकेना."

"बावीस वर्षं ऐकलंच ना तिने?"

"तेव्हा माझ्या शब्दाला वजन होतं."

सगळी लाँच हसली. इंजिनाच्या खोलीतून किटलीने डोकं बाहेर काढलं. इंजिनवाल्याला तासाला तीन कप चहा लागायचा, म्हणून त्याला किटली म्हणायचे. "इंजिन ठणठणीत आहे हो! खालच्या मजल्याची काही तक्रार नाही. वरच्याला विचारा!"

डाव्या कुशीवर कलत आणि उजवीकडे ओढ घेत, वखारीतल्या माणसांची विचारपूस करून, लाँच अखेर धक्क्याला लागली. दहा मिनिटांच्या नदीला पंचवीस मिनिटं लागली.

हे सगळं आठ महिन्यांपूर्वीच्या ऑपरेशनने झालं, यावर नदीच्या दोन्ही काठांचं एकमत होतं. त्याआधी दोन्ही काठांचं एकमत फक्त नदी मध्ये आहे एवढ्यावरच होतं.

सुकाणूवाल्याला गलबत हे नाव उगाच पडलं नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी त्यांचं वजन एकशे साठ किलो होतं. ते लाँचमध्ये पाय टाकायचे तेव्हा पाणी बोटभर चढायचं आणि पलीकडच्या काठावरचे बेडूक उठून मागच्या ओळीत बसायचे, असं म्हणतात. ज्यांनी पाहिलं ते शपथेवर सांगतात. बेडकांना कुणी विचारलेलं नाही. या वजनावर सगळ्या प्रवाशांनी सगळे विनोद करून झाले होते. एकट्या मिस्त्रीने कधी केला नव्हता. लाँचचा जुना मिस्त्री, सुतळीसारखा बारीक आणि जिभेला कातरी लावलेला. गलबतरावांची दाढी, त्यांचं गाणं, त्यांचा सासरा, त्यांचं चाक धरणं, काहीही त्याच्या तोंडून सुटलं नाही. त्या गर्दीत वजन तेवढं कसं काय राहून गेलं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो गेला.

मग गलबतरावांचे गुडघे गेले, साखर चढली, आणि डॉक्टरांनी त्यांच्या पोटाची पिशवी कापून एका वाटीएवढी केली. अडुसष्ट किलो उतरले. गलबताचं होडकं झालं.

होडक्याचं जिणं सोपं नव्हतं. घरी बायको लेकीच्या लहानपणीचा चमचा आणि छोटी वाटी घेऊन समोर बसायची.

"चावा. गिळू नका."

"पंचवीस वेळा चावला."

"बावीस. मी मोजत होते."

"अगं, भात आहे तो. त्याचं काय पीठ करू?"

"मागच्या बुधवारी घाई केली होतीत. काय झालं होतं ते मोरीला विचारा."

जेवताना पाणी नाही. नंतर अर्ध्या तासाने, तेही बाटलीच्या झाकणाने घोट घोट. सकाळी गोळ्या, संध्याकाळी गोळ्या. कंगव्यात केस. दंडाखाली कातडी अशी लोंबायची, की जणू धाकट्या भावाने थोरल्याचा शर्ट घातलाय. आणि थंडी! चरबीचं पांघरूण उतरल्यावर गलबतराव भर उन्हात स्वेटर घालून चाकापाशी उभे राहायचे. अंगठी तर बोटातून निघून नदीत गेली. ती गिळलेला मासा हल्ली इतर माशांशी बोलत नाही, असं किटली सांगायचा.

पण त्यांना स्वतःच्या पायांची बोटं दिसली होती! बावीस वर्षांनी दिसली तेव्हा त्यांनी बायकोला हाक मारून दाखवली. बुटाच्या नाड्या ते दिवसातून चारदा सोडून पुन्हा बांधायचे, केवळ हौसेखातर. दारातून मात्र अजून आडवे होऊनच जायचे. अंग कमी झालं होतं, हे त्यांच्या खांद्यांना कुणी कळवलं नव्हतं.

बायकोने जुने शर्ट फेकले नव्हते. "एखाद्याला शीड लागलं तर?" असं म्हणून तिने ते घडी घालून ठेवले होते.

या सुखात एकच खडा होता. माणूस बरा झाला आणि लाँच आजारी पडली. ऑपरेशनसाठी ते सुट्टीवर गेले तेव्हा आलेला बदली सुकाणूवाला आठवड्यात मान लचकून घरी गेला. फळी फुगली, तळ वाकला, नदीच वाकडी झाली, असे नाना तर्क झाले. आणि सोमवारी कचेरीचं पत्र आलं. शुक्रवारी तपासनीसबाई येणार. दोन बोटांहून जास्त कल दिसला, तर लाँच मोडीत. गलबतरावांची बदली तिकिटाच्या खिडकीवर.

"सावलीत बसायला मिळेल," किटली म्हणाला. पण स्वतःच्याच बोलण्याने त्याचा चहा गार झाला.

गलबतरावांनी पत्राची घडी केली. खिडकीत बसून नदीकडे पाठ करायची. शिवाय लाँच आपल्यापायी मोडणार, हे त्याहून वाईट. आपण बारीक झालो ते काय हिचं आयुष्य खाऊन?

बातमी दोन्ही काठांवर गेली, आणि मंगळवारी सकाळी प्रवाशांनी आपल्या डोक्याने इलाज काढला. सुकाणूवाल्याला पुन्हा जाड करायचं. पोस्टमनने बारा उकडलेली अंडी आणली. नर्सबाईने लोण्याचा डबा आणला. तिला खरं म्हणजे कळायला हवं होतं. एकाने केळ्यांचा घड चाकाला बांधला.

"अहो, माझ्यात दीड अंडं मावतं!" गलबतराव हात जोडत म्हणाले.

"दीड तर दीड. पण नेमाने खा. शुक्रवारपर्यंत बघू," पोस्टमन म्हणाला.

"साठ किलो तीन दिवसांत?"

"बावीस वर्षं तुम्ही आमच्या डोळ्यांदेखत खाल्लंत. आमचा तुमच्यावर विश्वास आहे."

मुख्याध्यापिकाबाईंनी केक आणला होता. स्वतः भाजलेला. बाईंनी आयुष्यात दोन वेळा केक भाजला होता, आणि पहिल्या वेळी शाळा दोन दिवस बंद होती. पण त्यांनी डबा उघडून इतक्या आशेने समोर धरला, की गलबतरावांना नाही म्हणवेना. गोड खायचं नाही, खाल्लं तर ते थेट आतड्यात उतरेल आणि अंगाची धांदल उडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. मग, बाई बघतच होत्या म्हणून, दुसरा.

नदीच्या मध्यावर धांदल उडाली. स्वेटरच्या आत घामाच्या धारा लागल्या, छातीत कुणीतरी दार ठोठावू लागलं, डोळ्यांपुढे वखारी दोन झाल्या.

"किटली, चाक धर! मला आडवं होऊ दे."

डाव्या बाजूच्या बाकाखाली तेवढी मोकळी जागा होती. गलबतराव तिथे फळ्यांवर कान टेकून पडले. पूर्वी त्या बाकाखाली त्यांचं मनगटही गेलं नसतं.

"डोळे मिटून पडून राहा. अर्ध्या तासात उतरेल," नर्सबाई म्हणाली. लोण्याचा डबा तिने हळूच पर्समध्ये सरकवला.

"मी मेले! मी विष घातलं!" बाई म्हणत होत्या.

"केक फार छान होता, बाई," बाकाखालून आवाज आला. "गप्प बसा जरा. मला काहीतरी ऐकू येतंय."

लाट आली की कानाखाली खण्ण व्हायचं. लाट गेली की पुन्हा खण्ण. लाकडाचा आवाज नव्हता तो.

लाँच धक्क्याला लागेपर्यंत गलबतराव सावरले. प्रवासी उतरले. बाई तेवढ्या उतरल्या नाहीत; केक आपला, तेव्हा माणूसही आपला, असं त्यांचं म्हणणं पडलं. किटलीने तळाकडे जाणारं झाकण उघडलं. झाकण कसलं, खिडकीचं तावदानच. मिस्त्री त्यातून सापासारखा जायचा. वर्षाकाठी एकदोनदा तो अर्धा दिवस लाँच बंद ठेवायचा. "तळ साफ करतोय, चालते व्हा," असं म्हणून सगळ्यांना हाकलायचा. त्याच्यानंतर तिथे कुणी उतरलंच नव्हतं. किटलीचं पोट चहाने भरलेलं, आणि गलबतराव म्हणजे गलबतराव.

"मी जातो," गलबतराव म्हणाले.

"तुम्ही?"

"बाजूला हो."

सवयीने ते आधी आडवे झाले. मग हसले, सरळ झाले आणि खांद्यापर्यंत आत गेले, कमरेपर्यंत गेले, दिसेनासे झाले. बावीस वर्षं ज्या लाँचवर उभे राहिले, तिचं पोट त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

डाव्या अंगाला, फळ्यांच्या खाली, लोखंडाच्या चपट्या पट्ट्या ओळीने रचलेल्या होत्या. प्रत्येकीला गोणपाट गुंडाळलं होतं, आवाज होऊ नये म्हणून. एकीचं गोणपाट कुजून गळलं होतं. तीच वाजत होती. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने, मिस्त्रीच्या किरट्या अक्षरात, काहीतरी लिहिलं होतं.

"काय आहे?" वरून किटली ओरडला.

"वजन आहे." जरा वेळाने आवाज आला. "माझं."

एकेक पट्टी वर येऊ लागली. किटली घ्यायचा आणि मोठ्याने वाचायचा.

"लग्नानंतरचं वर्ष. ही चांगली जाड आहे."

"बायकोच्या हाताला चव आहे," खालून उत्तर आलं.

"मुलगी झाली. हिच्यावर काय... बायको माहेरी, काढली. बायको परत, घातली!" किटली तिथेच फळ्यांवर बसून हसायला लागला. "तीनदा काढली, तीनदा घातली!"

"अक्षर वाईट," मुख्याध्यापिकाबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "पण नोंद चोख."

मग बराच वेळ काहीच वर आलं नाही.

"गलबतराव? श्वास लागतोय का?"

दोन पट्ट्या एकदम वर आल्या, एकत्र बांधलेल्या. 'वडील गेले.' किटलीने त्या वाचल्या नाहीत, नुसत्या ठेवल्या. त्या वर्षी गलबतराव दिवसभर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खात राहायचे, आणि लाँचवर येऊन सगळ्यांना हसवायचे. कुणाला पत्ताच लागला नव्हता, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं.

ते उजवीकडे चाकापाशी जेवढे वाढत गेले, तेवढं लोखंड मिस्त्री डावीकडे घालत गेला. ते वर उभे असले की लाँच सरळ. ते नसले की ती धक्क्याच्या अंगाला टेकायची. लोक म्हणायचे, थकली, झोपली. 'तुमच्यामुळे लाँच कलते' हे एक वाक्य बावीस वर्षांत त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं, कारण तसं म्हणायची वेळच मिस्त्रीने येऊ दिली नव्हती.

किटलीने चाकापाशी उभं राहून तोल पाहिला. "अजून एक राहिलीय का?"

"आहे एक. सगळ्यात तळाची."

"आणा की वर."

"ही नाही. ही राहू दे."

तिच्यावर लिहिलं होतं: 'नवा सुकाणूवाला आला.' त्या दिवशी गलबतराव ब्याण्णव किलो होते. आज काट्याने तेच दाखवलं होतं.

वर काढलेल्या पट्ट्या किटलीने धक्क्यावरच्या मालाच्या काट्यावर चढवल्या. अडुसष्ट किलो भरले. कुणी म्हणतं सदुसष्ट. पण किटली त्या काट्याची शपथ घ्यायला आजही तयार आहे.

बायकोने त्या पट्ट्या बघितल्या तेव्हा तिने तोंडाला पदर लावला. आधी हसली की रडली, हे तिला सांगता आलं नाही. "मी माहेरी जायचे ते मिस्त्रीला कसं कळायचं हो?"

"मी वाळायचो ना."

मग तिने घड्या घातलेल्या शर्टांतला सगळ्यात मोठा काढला आणि त्याची बाही कापून दिली. गलबतरावांनी ती तळात उतरून शेवटच्या पट्टीला गुंडाळली. मिस्त्रीसारखीच गाठ मारली. तशी सुबक बसली नाही.

शुक्रवारी तपासनीसबाई आल्या. त्यांनी रिकाम्या लाँचच्या मधोमध पाणसळ ठेवली, आणि गलबतरावांना चाकापाशी उभं राहायला सांगितलं. काचेच्या नळीतला बुडबुडा इकडे गेला, तिकडे गेला आणि मध्ये येऊन थांबला. धक्क्यावर दोन्ही काठांचे लोक श्वास रोखून उभे होते. त्यांनी तो एकदमच सोडला. वाऱ्याने वखारीतला भुसा उडाला म्हणे.

"इतका चोख तोल मी मोठ्या जहाजांवरही पाहिला नाही," तपासनीसबाई म्हणाल्या. "अहवालात नाव लिहावं लागतं. कुणी बसवला?"

"मिस्त्रीने."

"बोलवा त्यांना."

गलबतरावांनी बाटलीचं झाकण काढलं, त्यात पाणी ओतलं, आणि एक घोट घेतला. सावकाश. घाई करायची नसते.

"ते आधीच्या धक्क्यावर उतरले," ते म्हणाले. "नाव लिहा, मी सांगतो."

किटलीने इंजिन सुरू केलं. लोक चढू लागले, आपापल्या जुन्या जागांवर बसले. गलबतरावांनी वाकून बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली आणि चाकावर एकच हात ठेवला.

लाँच सरळ निघाली.