नंबर घासलेल्या चिपा

थिनरमध्ये बुडवलेला कापूस पंचशीलानं चिपच्या पाठीवर फिरवला, आणि चिपवरचा नंबर कापसाला लागून निघाला.

"हे बघ," तिनं कापूस बंडेप्पाच्या नाकासमोर धरला. "नंबर वरून खोटा छापलाय. ह्याला कंपनीचा माल म्हंतोस? लाज कशी वाटत न्हाई रे?"

"अक्का, हैद्राबादहून जसं आलं तसं दिलो," दुकानदार बंडेप्पा म्हणाला. "अस्सल इकोची चिप आठ महिने झाले कुठंच न्हाई."

पंचशीलानं चिप काउंटरवर टाकली. तुरीत खडे मिसळून विकणारे तरी ह्याच्यापेक्षा बरे, असं ती पुटपुटली, पण त्याला नीट ऐकू जाईल अशा बेतानं.

अख्ख्या आळंद गावात तिच्या लेखी माणूस म्हणावा असा कुणी नव्हता. गाण्याच्या पार्ट्यांसाठी ती इकोचे डबे बनवायची, गायकाचा आवाज घुमवणारे. पण तिच्या मते निम्म्या गायकांना गळा नव्हता आणि उरलेल्यांना अक्कल. ह्या गाढवांना स्विच कसा दाबावा तेही सांगावं लागतं, म्हणायची. तरी बारा वर्षांत तिचा एक डबा दुरुस्तीला परत आला नव्हता, आणि ही गोष्ट ती रोज कुणाला ना कुणाला ऐकवायची.

सगळ्यात जास्त राग सोमशेखरचा. बसस्टँडमागं तो रेडिओ, अँप्लिफायर दुरुस्त करायचा आणि तिचंच बघून डबे बनवायचा. त्या नकल्याला काही कळू नये म्हणून ती प्रत्येक चिपचा नंबर पॉलिश पेपरनं घासून टाकायची. एका दुपारी रागाच्या भरात तिनं साठ्यातल्या नव्या चिपाही घासल्या. चार जातींच्या, सगळ्या एकाच बरणीत.

आता त्या बरणीत इकोच्या चिपा होत्या खऱ्या, पण कोणत्या ते देवालाही सांगता आलं नसतं. लावून बघायला गेली तर दोन धूर काढून मेल्या. आणि दोनच दिवसांवर खटकचिंचोळीत बळीरामच्या पार्टीचा भीमगीतांचा कार्यक्रम आला होता. साठी उलटलेला बळीराम फोनवर रडकुंडीला आला होता.

"डबा न्हाई आला तर गाववाले दुसरी पार्टी बोलावतेत, पंचशीला. सोमशेखरच्या डब्याची."

तिनं शब्द दिला होता. शब्द मोडला तर त्या नकल्यासमोर नाक कापलं जाणार होतं. शेवटी दात-ओठ खात बरणी पिशवीत घातली आणि त्याच्याच दुकानात गेली.

"इकोची चिप हाय का? एकच."

"न्हाई, अक्का. माझ्याबी संपल्या."

"मग ह्यातली ओळखता येती का बघ. तुला काय कळणार म्हणा!"

खणातून सोमशेखरनं तळहाताएवढा बोर्ड काढला आणि एकेक चिप त्यात बसवत गेला. कधी लाल दिवा लागे, कधी हिरवा, कधी दोन्ही, कधी एकही नाही. चहा येईपर्यंत टेबलावर चार ढीग झाले होते. इकोच्या चिपा अकरा निघाल्या.

पंचशीलानं तो बोर्ड उलटासुलटा करून पाहिला. काम सफाईदार होतं, ह्याचाही तिला राग आला.

"हे कामून बनवलास?"

"नंबर घासलेली चिप ओळखायला."

"माझ्याशिवाय नंबर घासतंय कोण?"

सोमशेखरनं मान खाली घातली. "तुमचेच डबे येतेत, अक्का. दुरुस्तीला. चाळीसेक आले असतील."

"खोटं बोलायलास."

त्यानं फळीवरचा फडका उचलला. खाली तिचे तीन डबे होते, प्रत्येकावर गावाची चिठ्ठी. एक तर पार लांबच्या अफजलपूरचा होता.

"नॉब शून्यावर असताना स्विच टाकला की चिप अडकती, तापती आन् मरती. आत एक रेझिस्टर घातला की झालं. मी घालून देतो."

"मग माझ्याकडं यायला काय धाड भरली लोकायला?"

"भेतेत तुमाला." तो चिपा ढिगाढिगानं पुड्यांत बांधू लागला. "आन् मला म्हंतेत, अक्काला सांगू नको. त्यांला वाईट वाटंल."

पंचशीलाच्या तोंडात शिवी तयार होती. ती कुणाला द्यावी हेच तिला कळेना. चहा तसाच राहिला. मग गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल तिनं पायानं पुढं ओढलं आणि त्यावर बसली.

"तो रेझिस्टर," ती म्हणाली, "कुठं घालतोस, दाखव."